तिखटाला लाल स्कूप नको

वाचकाचा प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीतून तिशीतल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वडिलांनी सुरू केलेला मसाल्याचा कारखाना आहे. तिखट, हळद, धणेपूड, गोडा मसाला, लोणचे मसाला असा माल निघतो. साठेक कामगार, त्यात बहुतेक बायका. ताई फूड टेक्नॉलॉजी शिकल्या आहेत आणि आता उत्पादन सांभाळतात.

गेल्या वर्षी त्यांनी फाइव्ह-एससाठी, म्हणजे नको ते काढून उरलेलं ठरल्या जागी नीटनेटकं आणि स्वच्छ ठेवायच्या जपानी पद्धतीसाठी, एक सल्लागार नेमले. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या आल्या, अवजारांचे आकार रंगवलेले बोर्ड आले, नको त्या वस्तूंना लाल टॅग लागले, जुनी कपाटं रिकामी झाली, प्रत्येक मसाल्याला त्याच्या रंगाचा स्कूप मिळाला आणि दर शनिवारी पाइप लावून सगळं धुणं सुरू झालं. कारखाना बघणाऱ्याने बघतच राहावं असा झाला. मग युरोपातल्या खरेदीदाराचा ऑडिटर आला आणि त्याने जे शेरे मारले, त्यातले बहुतेक नेमके याच नव्या गोष्टींवर होते. दोन महिन्यांनी तो पुन्हा येणार आहे. वडील म्हणतात, ‘गाडीच्या कारखान्याचं सोंग आपल्याकडे नको, हे मी तेव्हाच सांगत होतो.’ सल्लागार म्हणतात, ऑडिटरला लीन (वाया जाणारा वेळ आणि माल कमी करायची कारखानदारीतली पद्धत, फाइव्ह-एस तिचाच भाग) कळत नाही. एका जुन्या मावशींनी सरळ सुनावलं, ‘तुमचं एकदा काय ते ठरवा, मग आम्हाला सांगा.’ ताई विचारतात: फाइव्ह-एस गुंडाळून ठेवू का? दोन्ही एकत्र चालूच शकत नाहीत का? आणि रोज नियम सांगूनही न पाळणाऱ्या कामगारांना शिस्त कशी लावू?

उत्तर

तुम्ही पत्रासोबत शेऱ्यांची यादी पाठवलीत हे फार बरं केलंत. त्यातल्या एका शेऱ्यापुढे तुम्ही पेनाने ‘हे अतीच झालं’ असं लिहिलं आहे. तिथूनच सुरुवात करतो.

तिखटाला लाल स्कूप, हळदीला पिवळा, धण्याला तपकिरी. कल्पना वाईट नाही. काल कामाला लागलेली बाईसुद्धा न विचारता बरोबर स्कूप उचलेल आणि हळदीचा स्कूप तिखटात जाणार नाही. आता तो लाल स्कूप काही महिने वापरल्यावर हातात घेऊन बघा. पिंपाच्या स्टीलच्या कडेवर आपटून आपटून त्याचं तोंड खरखरीत झालेलं असतं आणि एखाद्या कोपऱ्याचा नखाएवढा टवका उडालेला असतो. तो टवका गेला कुठे? तिखटात. लाल तिखटातला लाल प्लास्टिकचा टवका कितीही तीक्ष्ण नजरेच्या बाईला दिसायचा नाही. साधं प्लास्टिक लोहचुंबकाला चिकटत नाही, मेटल डिटेक्टरला कळत नाही. चाळणीनंतर, पॅकिंगच्या पिंपात टवका उडाला असेल तर पुढे त्याला अडवणारं काहीच नाही. तो थेट कुणाच्या तरी रश्श्यात जाणार.

अन्नकारखान्यांत हातमोजे, जखमेवरच्या पट्ट्या, स्कूप बहुधा निळे असतात ते याचसाठी. निळ्या रंगाचं खाणं जवळजवळ नसतंच, त्यामुळे निळा तुकडा पटकन डोळ्यात भरतो. तुम्हाला दोन पर्याय आहेत: स्टेनलेस स्टीलचे स्कूप, नाहीतर मेटल डिटेक्टरला कळणाऱ्या निळ्या प्लास्टिकचे. कुठला स्कूप कुठल्या मसाल्याचा, हे दांड्यावर कोरून आणि टांगायच्या जागेवर नाव लिहून कळतं. कागदी स्टिकर मात्र नको, तो सुटतो आणि मालात पडतो.

या एका स्कूपमध्ये तुमचा सगळा पेच आहे. सल्लागारांनी विचारलं, ‘कुठली वस्तू कुठली, हे पटकन कळेल का?’ ऑडिटरने विचारलं, ‘वस्तू तुटली तर कळेल का?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिला विचारला गेला तेव्हा दुसरा विचारणारं माणूस खोलीत नव्हतं. तुम्ही फाइव्ह-एस समितीची नावं दिली आहेत: उत्पादन, मेंटेनन्स, स्टोअर आणि सल्लागार. क्वालिटीचं कुणीच नाही. कारखान्यात अन्नशास्त्र शिकलेलं माणूस एकच, ते म्हणजे तुम्ही, आणि तुम्ही सल्लागारांना ‘मोकळा हात’ दिलात. ऑडिटरच्या विरुद्ध सल्लागार, असं भांडण तुम्ही मांडलं आहे. मला ते भांडणच मान्य नाही.

सल्लागारांवर फार राग धरू नका. ते गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांतून आले आहेत. तिथे जमिनीवर तेल सांडलं नाही, स्पॅनर जागेवर आहे आणि भाग मोजून बरोबर आहेत एवढं झालं की काम फत्ते. नटबोल्टवर जंतू बसले म्हणून कुणाचं पोट बिघडत नाही. फाइव्ह-एस ज्या जपानमधून आलं, तिथल्या अन्नकारखान्यांनाही ते जसंच्या तसं पुरलं नाही. त्यांनी त्यात धुणं आणि निर्जंतुक करणं या दोन गोष्टी वाढवून ‘अन्नस्वच्छतेचे सेव्हन-एस’ असं वेगळं रूप केलं. डोळ्याला दिसणाऱ्या स्वच्छतेवर न थांबता न दिसणाऱ्या जंतूंपर्यंत जायचं, हा त्यामागचा हेतू.

पण म्हणून तुमच्याकडे आणखी धुवायला लागू नका! मसाल्याच्या कारखान्याची गोष्ट उलटी आहे, आणि यादीतला मला सगळ्यात गंभीर वाटलेला शेरा हाच आहे. दर शनिवारी तुम्ही पल्व्हरायझरच्या, म्हणजे दळणाच्या यंत्राच्या, खोलीत पाइप लावता. तिखट, हळद, धणेपूड हे कमी ओलाव्याचं अन्न. अशा अन्नासाठी कोडेक्सने, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, २०१५ मध्ये स्वतंत्र आचारसंहिता काढली. वॉटर ॲक्टिव्हिटी (जंतूंना वापरता येईल अशा पाण्याचं माप) ०.८५ किंवा त्याहून कमी असलेले पदार्थ त्यात येतात. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू कोरड्या मसाल्यात वाढत नाही, पण मरतही नाही. महिनोन्महिने नुसता पडून राहतो आणि पाण्याची वाट बघतो. शनिवारचा पाइप त्याला ते पाणी आणून देतो. यंत्राच्या पायाखाली, केबलच्या नळीत, भिंतीच्या सांध्यात भुकटी ओली होते, तिचा लगदा होतो, रविवारी कारखाना बंद असतो आणि सोमवारी सकाळी वरून सगळं लख्ख दिसतं. अमेरिकेत २००७ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या एका कारखान्याच्या पीनट बटरमधून साल्मोनेला पसरला, तेव्हा कंपनीने गळकं छप्पर आणि बिघडलेला स्प्रिंकलर ही कारणं सांगितली होती. कोरड्या कारखान्यात थोडंसं पाणी शिरतं तेव्हा काय होतं, हे त्यातून कळतं.

तेव्हा पाइप उद्यापासून बंद. दळणाच्या आणि मिश्रणाच्या खोलीत खरवडायचं, ब्रशने झाडायचं, व्हॅक्यूमने ओढायचं. जो भाग धुवावाच लागतो तो खोलून बाहेरच्या धुण्याच्या जागी न्यायचा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवायचा. कॉम्प्रेसरच्या हवेने भुकटी उडवणंही थांबवा. त्याने सफाई होत नाही, लोणचे मसाल्याची मोहरी फक्त हळदीच्या पिंपावर जाऊन बसते.

मोहरीवरून आठवलं. चेंजओव्हरचा, म्हणजे एक मसाला संपवून यंत्र दुसऱ्यासाठी तयार करायचा, वेळ निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट सल्लागारांनी दिलंय, असं तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. हे जाता जाता लिहायचं प्रकरण नाही. गोड्या मसाल्यात तीळ आहेत. लोणचे मसाल्यात मोहरी आहे आणि बांधानी हिंग आहे, आणि त्या हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो, म्हणजे ग्लूटेन. आपल्या २०२० च्या लेबलिंग नियमांतल्या ॲलर्जीच्या यादीत ग्लूटेनची धान्यं आहेत, शेंगदाणा आहे, पण तीळ आणि मोहरी नाहीत. युरोपच्या १४ घटकांच्या यादीत तीळही आहेत आणि मोहरीही. अमेरिकेने २०२३ पासून तीळ घेतले. गावच्या बाजारात जो माल बिनतक्रार चालतो, तोच तिकडे परत मागवावा लागू शकतो. ब्लेंडर साफ करायला लागणारा वेळ कमी करायच्या मागे लागू नका, साफ करायची पाळीच कमी येऊ द्या. आठवड्याच्या सुरुवातीला हळद, धणे, तिखट, नंतर गोडा मसाला, शेवटी लोणचे मसाला आणि त्यानंतर पूर्ण सफाई. लीनवालेही मालाचा क्रम बसवण्याला महत्त्व देतातच, सल्लागारांना हे पटवायला जड जाऊ नये. आणि तिळाचे, मोहरीचे स्कूप, ब्रश, पिंपं वेगळी ठेवावी लागतील. एकाच कामाला दोन दोन वस्तू म्हणजे उधळपट्टी, हे गाड्यांच्या कारखान्यात खरं. तुमच्याकडे ती दुसरी वस्तू हवीच.

आता रिकाम्या केलेल्या कपाटांबद्दल. लाल टॅगच्या मोहिमेत जुनी रजिस्टरं आणि सीलबंद नमुन्यांची पाकिटं रद्दीत गेली, असं तुम्ही अगदी सहज लिहिलंय. एफएसएसएआय या आपल्या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांतल्या शेड्यूल चारप्रमाणे उत्पादन, सफाई, कीटकनियंत्रण, तपासणी यांच्या नोंदी एक वर्ष किंवा मालाची मुदत, यांपैकी जे जास्त असेल तितका काळ ठेवाव्या लागतात. तुमच्या मसाल्याची मुदत पाकिटावर बारा महिन्यांहून जास्त असेल तर हिशेब तुम्हीच करा. ‘वर्षभर हात लागला नाही, काढून टाका’ हा फाइव्ह-एसचा नियम पान्याला लावा, रजिस्टरला नको. तक्रार येते तेव्हा राखून ठेवलेलं तेच पाकीट तुमच्या बाजूने बोलतं.

लाल टॅगच्या कोपऱ्यात यंत्रांच्या जळक्या मोटारी आणि जुने पाऊचचे रोल आहेत, त्यातच ओलाव्यामुळे परत करायची मिरचीची तीन पोतीही आहेत. ती पोती तिथून आजच हलवा. भंगार म्हणजे भंगार आणि अडवून ठेवलेला माल म्हणजे अडवून ठेवलेला माल. दुसऱ्याला कुलूप लागतं, नोंद लागते, निर्णय कुणी घेतला त्याची सही लागते. दोघांना एकच लाल टॅग असेल तर एखाद्या घाईच्या दिवशी कुणीतरी ‘स्टोअरमधलंच दिसतंय’ म्हणत ते पोतं कढईवर नेईल. आणि भंगाराच्या कोपऱ्याला शेवटची तारीख द्या, नाहीतर तिथे उंदीर संसार थाटतात.

आता बाबा. पत्रात तुम्ही त्यांच्याबद्दल जरा वैतागून लिहिलंय: अजूनही रोज संध्याकाळी चाळणीची जाळी काढून दारात उजेडात धरून बघतात, सल्लागारांनी त्यावर स्टॉपवॉच लावलं आणि ‘किंमत न वाढवणारा वेळ’ असा शिक्का मारला. ताई, तुमच्या पूर्ण पत्रात अन्नसुरक्षेचं इतकं चोख काम दुसरं नाही. जाळीची एक तार तुटली तर ती मालात गेली. बारीक तार मेटल डिटेक्टरमधून कधी कधी सुटते, कारण ती कशी आडवी-उभी जाते त्यावर डिटेक्टरला ती कळणं अवलंबून असतं. फाटकी जाळी डोळ्यांनी पकडणं हा तुमचा खरा पहारा. लीनच्या हिशेबात तपासणी म्हणजे वाया गेलेला वेळ असेल, पण जिथे चूक पोटात जाते तिथे तो हिशेब बदलावा लागतो. बाबांचं हे काम बंद करू नका, रजिस्टरवर आणा. जाळीचा नंबर, वेळ, सही. एक तपासणी पाळी सुरू होताना, एक संपताना. जाळी फाटकी निघाली तर मागच्या चांगल्या तपासणीपासूनचा सगळा माल अडवायचा. हे त्यांना दोघा-तिघांना शिकवायला सांगा. घरच्या धंद्यात लेकीने ‘तुमचीच पद्धत लिहून काढतेय’ असं म्हटलं, तर पुढच्या बऱ्याच गोष्टींना ते नाही म्हणणार नाहीत, असा माझा अंदाज आहे.

त्यांचं दुसरं वाक्य मात्र मान्य करू नका: ‘तीस वर्षांत आपला माल कुणाला बाधला नाही.’ कुणाला बाधला असता तर त्याने मसाल्याला दोष दिला असता का? चिकनला दिला असता, पाण्याला दिला असता, बाहेरच्या खाण्याला दिला असता. हे वाद घालून सांगू नका. आपण शांतपणे आपली तपासणी लावा.

ज्या अवजारांच्या बोर्डावर ऑडिटरने सगळ्यात कडक भाषा वापरली, तो बोर्ड मी ठेवीन. अडचण बोर्डाची नाहीच, तो टांगलाय रिबन ब्लेंडरच्या उघड्या तोंडावर. हुक निसटला, ब्रशचा केस पडला, सगळं आत. तो दाराजवळच्या भिंतीवर न्या आणि त्याचा खरा उपयोग करा. पाळी संपताना बोर्डावरची एक जागा रिकामी दिसली, तर फाइव्ह-एसवाला म्हणेल ‘वस्तू जागेवर नाही’. तुम्ही म्हणायचं, ‘वस्तू मालात असू शकते.’ ती सापडेपर्यंत त्या पाळीचा माल गाडीत चढणार नाही. टोयोटाच्या कारखान्यात साधा कामगारही दोरी ओढून लाइन थांबवू शकतो, हे तुमच्या सल्लागारांनी पहिल्या दिवशी स्लाइडवर दाखवलं असणार. मग पॅकिंगच्या बायकांना तो अधिकार दिलाय का? लीनमधली ती सगळ्यात कामाची गोष्ट आहे, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखही नाही.

त्याच बोर्डावर पोत्यांची सुतळी कापायचा कटरही आहे, पात्याचे तुकडे मोडत जाणारा. तो काढा. युरोपातले खरेदीदार मागतात त्या बीआरसीजीएस या अन्नसुरक्षेच्या मानकात अशा कटरला साफ मनाई आहे. एकसंध पात्याची नंबर घातलेली सुरी द्या, आणि सुतळीचे तुकडे पडायला पोतं फोडायच्या जागीच झाकणाचा डबा ठेवा. संकेश्वरी मिरचीच्या पोत्यातून किती सुतळी निघते हे एकदा आठवडाभर साठवून बघा, तुम्हालाच नवल वाटेल.

बाकीचे शेरे किरकोळ आहेत, त्यांवर झोप उडवू नका. जमिनीवरच्या चिकटपट्ट्यांच्या कडा सुटतात आणि खाली भुकटी व किडे साठतात, तेव्हा त्या काढून इपॉक्सी रंगाच्या रेषा मारा. लॅमिनेट केलेली सूचनापत्रं आणि टाचण्या दळणाच्या खोलीतून बाहेर काढा. जागा वाचावी म्हणून भिंतीला चिकटवलेली पोती मागे ओढा, मधून झाडणारा माणूस जाऊ शकला पाहिजे. रॅकमध्ये आधी आलेला माल आधी, हा क्रम चुकीचा नाही, पण मुदत आधी संपणारा आधी, हा त्याच्याही वरचा. ‘आधी-नंतर’चे फोटो काढायला मोबाइल आत नेणंही बंद.

आता तुमचा मूळ प्रश्न, गुंडाळायचं का?

गुंडाळलंत तर पुढच्या ऑडिटमध्ये शेरे कमी होतील, हे खरं आहे. पण ज्या कपाटामागे हात जात नाही तिथे साफही करता येत नाही, आणि ज्या डब्याला ठरलेली जागा नाही तो ग्रीसचा डबा कधीतरी मसाल्याशेजारी सापडतो. नीटनेटकेपणावाचून अन्नसुरक्षा टिकत नाही. सहा महिन्यांत सगळं पूर्वपदावर येईल. दुसरा मार्ग दोन समित्यांचा, एक फाइव्ह-एसची आणि एक फूड सेफ्टीची. मोठ्या कंपन्यांत हे चालतं, कारण त्यांच्याकडे भांडायला माणसं असतात. साठ जणांच्या कारखान्यात त्याच चार माणसांना दोन बैठका होतील, एवढंच.

मी म्हणेन, फाइव्ह-एस फूड सेफ्टीच्या टीमखाली आणा आणि टीमच्या प्रमुख तुम्ही व्हा. तुमचा हॅसॅपचा (कुठल्या टप्प्यावर कुठला धोका आणि तो कसा अडवायचा, हे ठरवायची पद्धत) धोक्यांचा तक्ता आधी, जागा आणि रंग नंतर. कुठलीही नवी वस्तू, रंग, पट्टी, रॅक आत यायच्या आधी तुमची सही हवी. त्या सहीपूर्वी तीनच गोष्टी विचारा: हे तुटलं किंवा सुटलं तर मालात दिसेल का? याच्या खाली-मागे साफ करता येईल का? आणि यामुळे एका मसाल्याचं दुसऱ्यात काही जाईल का? गूळ करणाऱ्याला, फरसाणवाल्याला, आंब्याचा पल्प काढणाऱ्यालाही हेच प्रश्न चालतील. फक्त पल्पच्या कारखान्यात पाणी टाळता येत नाही, तिथे ‘निचरा होईल का’ हाही विचारावा लागेल.

दोन महिन्यांत सगळा कारखाना होणार नाही. ब्लेंडर आणि पॅकिंग घ्या. तिथून पुढे मालाला अडवणारं काही नसतं, म्हणून तिथून सुरुवात. सल्लागारांना काढू नका. उरलेल्या फीमध्ये त्यांच्याकडून हेच दोन विभाग तुमच्या सहीने पुन्हा करून घ्या. ऑडिटरची यादी त्यांच्यासमोर ठेवा. चांगला माणूस असेल तर शिकेल. ‘ऑडिटरला लीन कळत नाही’ हेच पालुपद चालू राहिलं, तर मग तुमचा निर्णय सोपा झाला.

आणि शिस्त. इथे मी तुमच्या बाजूने नाही. एका वर्षात स्कूपचा रंग, झाडायची पद्धत आणि टोपीचा नियम बदलला, आता ऑडिटनंतर पुन्हा बदलणार. ‘तुमचं एकदा काय ते ठरवा’ असं म्हणणाऱ्या मावशींना तुम्ही उद्धट म्हटलंय. मला तर पत्रातलं ते सगळ्यात शहाणं वाक्य वाटलं. एफएसएसएआयच्या अपेक्षेप्रमाणे परवानाधारक कारखान्यात दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित फूड सेफ्टी सुपरवायझर हवा. म्हणजे तुम्हाला तिघे लागतात. त्या तिघांत या मावशींना घ्या. ज्या बाईला नियम बदललेला लगेच खुपतो, तिला कुणी नियम मोडला तर तेही लगेच दिसेल.

केरसुणीचा वादही त्यांच्याशीच झालाय असं दिसतं. तिच्या जागी नायलॉनचा ब्रश दिलात म्हणून बायका नाराज आहेत. केरसुणी लक्ष्मी आहे, लक्ष्मीपूजनाला आपण तिला हळदकुंकू वाहतो. तिला ‘लाल टॅग लावून भंगारात’ टाकलीत तर वाईट वाटणारच. ती भंगारात नको, अंगणात आणि ऑफिसात राहू दे. आणि नियम सांगण्याऐवजी एकदा सगळ्यांसमोर पांढऱ्या कागदावर केरसुणी घासून दाखवा. कागदावर जे काड्या-तुसं पडतील ते बघून पुढचं त्या स्वतःच बोलतील. हेच खंडेनवमीला: पूजा यंत्रांची करा, पण झेंडू, अक्षता आणि कुंकू पॅनेलपाशी, ब्लेंडरच्या तोंडापाशी नाही. पूजा झाल्यावर यंत्र पुसून सही, मगच चालू. काचेच्या बांगड्यांचा नियम तुम्ही केलाय तो बरोबरच आहे, पण तो बाबांच्या पाहुण्यांनाही आणि घरातल्या बायका कारखाना बघायला येतात तेव्हा त्यांनाही लावा. आत एकीला सूट दिसली की बाहेर तुमचा नियम संपला.

शेवटचं, ऑडिटरला द्यायच्या उत्तराबद्दल. तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात ‘मूळ कारण’ या रकान्यात अकरा ठिकाणी ‘कामगारांचे दुर्लक्ष, समज देण्यात आली’ असं लिहिलंय. ते सगळं खोडा. स्कूपचा रंग कामगारांनी निवडला नव्हता, पाइपही त्यांनी मागितला नव्हता. ‘बदल करण्यापूर्वी अन्नसुरक्षेच्या दृष्टीने तपासणी झाली नाही, आता प्रत्येक बदलाला फूड सेफ्टी टीमच्या प्रमुखांची सही बंधनकारक’ असं लिहा. सोबत त्या सहीचा कोरा फॉर्म आणि भरलेले पहिले दोन-तीन फॉर्म जोडा. त्यातला एक बाबांच्या चाळणीचा असू दे.